क्दे तो बोली

केटरिंगला रॉकिंगहॅम रोडवर
एक लाँड्रेट आहे. बुधवारी सहानंतर तिथे कुणी नसतं.
द्राहोमीराबाई इस्त्री करता करता शिकवतात.
फी नाही. चादरीची दोन टोकं धरायची
आणि घडी होईपर्यंत त्यांच्याकडे चालत जायचं.

शरीर त्या शर्टांवर शिकवतात. रिकाम्या, कुणाच्याही.
कॉलर उचलतात : क्र्क. मान.
मी विचारते, यातला स्वर कुठे गेला?
म्हणतात, मान आहे ती, गाणं थोडंच आहे.
बाहीतून एकेक बोट बाहेर काढतात :
प्र्स्त. प्र्स्त. प्र्स्त.
डाव्या खिशावर वाफ सोडतात : स्र्द्त्से.
खिशात कुणाचं तरी बसचं तिकीट,
धुऊन कोरं झालेलं.

इथल्या चार कॉलेजांनी नाही म्हटलं.
प्ल्झेनने हो म्हटलं.
पुस्तकं इंग्रजीत असतील, पेशंट नसतील.

विभक्त्या सात आहेत, मी घरी रडवेली होऊन सांगितलं.
बाबांनी टीव्ही बंद केला.
"सातच? आपल्या आठ."
आणि अ‍ॅस्डाच्या पावतीमागे लिहायला लागले,
चिखलीच्या शाळेतल्या चालीत, मान हलवत :
स ला ते, स ला ना ते.
दहावीनंतर माझ्या वहीत त्यांचं अक्षर आलं नव्हतं.
चतुर्थीपाशी अडकले, आईला हाक मारली,
दोघं भांडले.

इंग्रजीत मी थंड असते.
चेकमध्ये थंडी मला असते,
आपल्यासारखीच, बाहेरून येऊन वाजते.
ये मि झिमा.
मि म्हणजे मी नव्हे, मि म्हणजे मला.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही
आणि याचाच मी आठवडाभर तोरा मिरवला.

आणि बोली. बोली म्हणजे दुखतं.
तीनदा विचारून खात्री केली.
आई जिना चढत होती, गुडघ्यावर हात.
म्हणाली, मग मी काही बोलत नाही तेच बरं.

काल द्राहोमीराबाईंचं मनगट वळेना.
इस्त्री दोन्ही हातांनी उचलत होत्या.
मी वही मिटली, पहिल्यांदाच न वाचता विचारलं :
क्दे तो बोली?

त्यांनी इस्त्री उभी ठेवली
आणि उत्तर दिलं.
भराभर, चार नंबरच्या ड्रायरची वीस मिनिटं संपेपर्यंत.
मला तीन शब्द कळले :
हात, मुलगा, थंडी.
कोण कुणाला, ते नाही कळलं.
प्रत्यय हातातून निसटत गेले, ओल्या साबणासारखे.
दोनदा त्या हसल्या, तेव्हा मीही हसले.
तिसऱ्यांदा माझं चुकलं,
ते हसणं नव्हतं.

ड्रायर थांबला. चादर गरम होती.
आम्ही टोकं धरली
आणि त्या एकेक पाऊल मागे सरकत गेल्या,
कापड ताठ होईपर्यंत.