तेरा नंबर

नर्सबाईंनी ताप बघायला थर्मामीटर लावला
आणि तो आत जाईना.
थांब हं जरा, म्हणाल्या.
मग तिघीजणी आल्या, मग डॉक्टर.
खाटेवरून मला त्यांच्या पाठीच दिसत होत्या.

जिथं वाट असायची तिथं नुसती कातडी,
एक गुळगुळीत खळी.
सिव्हिलच्या कागदावर लिहिलं : बेबी ऑफ सरोजना कोडम.
दूध बंद.
दुसऱ्या दिवशी उलटा धरून फोटो काढला त्याचा,
पोटातली हवा कुठवर पोचते ते बघायला.

मी विडीवाली. दिवसाला हजार.
पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं,
नखानं दाबून तोंड बंद करायचं,
दोरा गुंडाळायचा.
रात्री वॉर्डात स्वतःच्याच बोटांकडं बघत बसले.

घरकुलातली शेजारीण डबा घेऊन आली,
कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि जाता जाता विचारून गेली,
ग्रहणात कात्री धरली होतीस का गं?
धरली होती.
ग्रहण लागलं म्हणून कारखाना
हजाराच्या जागी नऊशे घेत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्या दोन महिन्यांतच ठरतं हे,
तेव्हा तुम्हाला दिवस गेल्याचंही धड कळलं नसेल.
मी हिशेब केला. ग्रहण पाचव्यात होतं.
तरी कात्री उचलताना
अजून एकदा थांबते.

पोटावर वाट काढली,
डाळिंबाच्या कळीएवढी, तांबडी, ओली.
तिच्यातून काळपट हिरवं आलं
आणि अंबादास, यंत्रमागानं कान गेलेला माणूस,
अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडला :
झाली! शी झाली!
पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं पेढा मागितला.

चौथ्या महिन्यात खऱ्या जागी वाट केली.
ती मिटू नये म्हणून
नंबर घातलेल्या स्टीलच्या कांड्या दिल्या.
दहापासून सुरू. सकाळ-संध्याकाळ.
पहिल्या दिवशी तो रडला, मी रडले,
कांडी फरशीवर पडून खणखणली.

आता विड्यांचं सूप बाजूला सारते,
हात धुते, वास जात नाही, परत धुते.
गुडघे त्याच्या पोटाशी दुमडते, जेली लावते.
लाड तेलुगूत करते,
आकडे मराठीत मोजते.

तेरा नंबर सहज गेला
की पोटावरची वाट बंद करू, म्हणालेत.
अंबादास हसतो : तेरा म्हणजे आपलाच की नंबर,
सोलापुरातल्या दर रिक्षाच्या पाटीवर असतो.

काल बारा जरा अडला.
उद्या परत बारा.
चारशे तोंडं अजून मिटायची आहेत आज,
पाला सुकत चाललाय,
आणि चरण
उघडाच पडून पंख्याकडं बघतोय,
पंखा बंद आहे,
लाइट गेलीय.