रात्रीचा माग

रद्दीवाल्या बाशूभाईनं पुस्तक दिलं.
पुठ्ठा नाही, पहिली अकरा पानं नाहीत.
वेल्स नावाचा कुठलासा मुलूख, तिथल्या भुताखेतांचं.
कोळशाच्या खाणी, पाटीच्या दगडाची छपरं,
आणि पाऊस, सदा न कदा पाऊस.
मी वाचतोय सोलापुरात,
एप्रिलात, उघड्या अंगानं, पत्र्याखाली.

तिथं म्हणे मरणाआधी दिवा चालतो.
पुरुषाचा लाल, बाईचा पांढरा,
लेकराचा एवढासा, निळा.
ज्या रस्त्यानं प्रेत जाणार
तो रस्ता आधी चालून बघतो,
खांदेकरी जिथं खांदा बदलणार
तिथं जरा थांबतो.

आणि सुताराला रात्री ऐकू येते
आपलीच करवत, आपलाच रंधा.
कंदील घेऊन जावं तर अवजारं खुंटीला,
खाली चिमूटभर भुसा नाही.
सकाळी दारात कुणीतरी उभं, माप घेऊन.

इथं मी पुस्तक पालथं घातलं.

दाजी पेठेत येमूल मामय्याचा माग
रात्री अडीचला चालायचा,
लाईट गेलेली असताना.
खटक् खटक्, धोटा इकडून तिकडे.
मामय्या अंथरुणातूनच मोजायचा.
"साडेतीन हात," म्हणायचा, आणि कूस बदलायचा.
तो मांजरपाट कुणी कधी पाहिला नाही.
एकदा "दीडच" म्हणाला
आणि उठून बसला.
श्रीपतीची धाकटी त्याच आठवड्यात गेली.

मामय्या गेला. मागून माग गेला, भंगारात, किलोवर.
खोली मी भाड्यानं घेतली.
फरशीला त्याच्या पायांचे चार खड्डे आहेत अजून.

परवा रात्री लागला.
तीन हातांच्या पुढे गेला,
साडेतीनला पोचायच्या आत धागा तुटला.
विणकराच्या कानाला कळतं ते.
माग थांबला.
वाट बघत थांबला.

माझी बोटं आपोआप चिमटीत आली.
गाठ मारणं, एवढंच तर शिकलोय जन्मात.
आणि समोरच्या खोलीत आंबूबाई दासरी,
दहा दिवसांचा ताप,
डॉक्टरनं जाताना पैसे न घेतलेले.

सुतारानं काय केलं असतं, पुस्तकात नाही.
मी दोन्ही हात मांडीखाली दाबून
उजाडेपर्यंत बसलो.

आज तिसरा दिवस.
आंबूबाई उंबऱ्यात बसून तेंदूची पानं कातरतेय.
खेकसली माझ्यावर, "काय बघतोस रे टकामका?"

काही नाही, अव्वा.
खोलीत कुठंतरी
एक सुटं टोक लोंबतंय.
त्याला हात लावत नाही, इतकंच.