दोन खण

ऐनापूरच्या वाटेवर आदगोंडांचं घर.
पाच खण मी पाडले, स्लॅब ओतला.
दोन तेवढे ठेवले, म्हशीसाठी.

वैशाखात बाकी मागायला गेलो.
नव्या सोप्यात पंखा
गरम वारा वाटत होता, सगळ्यांना सारखा.
आदगोंडा म्हणाले, "बर्री, हिशेब आत करू."
आत म्हणजे म्हशीकडं.

दार इतकं बुटकं
की उधारी मागणाराही वाकतो.
भिंत दोन हात जाड.
हिच्याच बहिणींना शिव्या घातल्या होत्या मी,
पहार दाद घेईना तेव्हा.
वर लिंबाच्या तुळया, त्यांवर चिपाड,
चिपाडावर पांढरी माती,
दर चैत्रात धुम्मसानं चोपलेली.
माळवदाला एकच भोक.
ते बेळकिंडी म्हणतात, माझी आई सवणं.
कुठल्याही नावानं
उजेड ताटलीएवढाच उतरतो
आणि ऊन वर राहतं, चप्पल काढून ठेवल्यासारखं.

म्हैस रवंथ करत होती.
मी वही उघडली : सिमेंट, सळई, सेंट्रिंगची...

जागा झालो तर
ताटली भिंतीवर चढलेली,
वहीचा कोपरा म्हशीच्या तोंडात.
"किती निघाले?" आदगोंडांनी विचारलं.
"बघतो," म्हणालो,
आणि पाय पसरले.