दोन्हीकडे चालेल असं

अचाओच्या धक्क्यापासून तिसरं दुकान माझं.
शाई, केबल, फोनच्या काचा,
आणि ओले कोट वाळवायला एक लोखंडी शेगडी.

मंगळवारी म्हातारा एवारिस्तो आला,
कम्प्युटर टेबलावरच्या चादरीत गुंडाळून,
आजारी कोंबडी आणावी तसा काखेत धरून.
मेलचं जुनं ॲप कंपनीने बंद केलं होतं.
"नवं दे. घरी चालेल, होडीतही चालेल असं.
आणि पैसे एकदाच घेणारं,
दर महिन्याला हात पसरणारं नको."

मी दाखवत गेले, तो मान हलवत गेला.
एक फार देखणं होतं, पण रेंज गेली की मुकं,
आणि आमच्या खाडीत रेंज म्हणजे पाहुणी.
एक फुकट: दोन पत्रांच्या मधे
गाद्यांची जाहिरात घुसवणारं.
एक तर इतकं हुशार की तुमच्या आधी पत्र चाळतं
आणि महत्त्वाचं कुठलं ते स्वतःच ठरवतं.
"माझी बायकोही असंच करायची," तो म्हणाला,
"आणि बहुतेक तिचंच बरोबर निघायचं.
पण ती बायको होती."

शेवटी एक राखाडी, साधं.
अक्षरं हवी तेवढी मोठी होणारं.
ते त्याला पटलं, आणि तिथेच घोडं अडलं.

कारण मी म्हटलं, एकीकडे पुसलं
की दुसरीकडेही पुसलं जाईल.

तो बराच वेळ फोन उलटासुलटा करत राहिला.
"म्हणजे होडीत रागाने फेकलेलं पत्र
घरी येऊन शोधलं तरी मिळणार नाही?
पाण्यावर मी वेगळा असतो, पोरी.
त्या माणसाच्या हाती माझ्या घराच्या किल्ल्या कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
मी जुनी पेटी नव्यात ओतायला घेतली.

अकरा हजार चारशे पत्रं.
इंजिनाच्या सुट्या भागांची बिलं,
शिंपल्यांच्या शेतीवाल्यांच्या नोटिसा,
एका लग्नाचं आमंत्रण, ज्यातली मुलं आता शाळेत जातात.
हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती.
बाहेर फेरीने भोंगा दिला, दोनदा.

आणि मग एक बारीक आवाज. सुर्र.
काहीतरी गेलं.

आउटबॉक्समध्ये एक पत्र अडकलं होतं, नऊ वर्षं.
ऐन पाठवताना रेंज गेली असणार,
आणि जुन्या ॲपने ते पोटात ठेवलं, अवाक्षर न काढता.
नव्याला दार उघडं दिसलं.

भावाच्या नावचं होतं. रेमिहिओ,
पलीकडे कोमोदोरोत, तेलाच्या विहिरींवर.
"थांबवता येतं का?"
येतं. दहा सेकंदांत.
ते मी सांगेपर्यंत दहा सेकंद झाली होती.

त्याने चष्मा शोधला, खिशात, शेगडीवर,
शेवटी गळ्यातच सापडला.
वाचलं. पुन्हा वाचलं.
"होडी तू घे, असं लिहिलंय.
खाली एक शिवी आहे, पण ती प्रेमाची."
मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता:
"मला वाटलं, वाचूनही गप्प बसला.
नऊ वर्षं त्याला नावं ठेवली मी.
मागच्याच महिन्यात होडी रंगवली, निळी."

कम्प्युटर रात्रभर चालू दे म्हणाला,
आणि फोन घेऊन गेला.

गुरुवारी पहाटे तो समुद्रात.
दुपारी माझ्या टेबलावर पडदा उजळला:
रेमिहिओ. ठळक, काळ्या अक्षरांत.
मी उघडलं नाही. शपथ.
गिऱ्हाईक आलं, मी दोन केबल विकल्या,
एकाची काच बदलताना बोट कापून घेतलं,
आणि मधून मधून बघत राहिले.

साडेचारला ती अक्षरं
आपोआप बारीक झाली.

कुठेतरी पाण्यावर त्याला रेंज लागली होती.

आज शनिवार. कम्प्युटर अजून इथेच आहे,
चादर घडी करून वर ठेवलीये.
बिल मी अजून केलेलं नाही.