आठवा

गाडी घेतली तेव्हा काट्यावर
एक लाख सत्त्याऐंशी हजार मैल होते.
चंद्र अजून बावन्न हजारांवर.
विकणारा पोरगा नौदलात निघालेला, घाईत.
म्हणाला, बाकी सगळं ठीक आहे, फक्त
प्लग कधी बदललेले नाहीत.
हे त्यानं बुटाची लेस बांधता बांधता सांगितलं.

दिवसा मी शाळेची पिवळी बस चालवते.
पंचेचाळीस पोरं, ताशी पंचवीस मैल,
रेल्वे फाटकाशी थांबायचं,
दार उघडून कान द्यायचा,
मगच पुढे.
म्हणून ही.
काळी मस्टँग, आठ सिलिंडरची,
मागच्या चाकावरचा पत्रा
चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
डुलुथच्या रस्त्यांवर सहा महिने मीठच असतं.
हिनं सतरा हिवाळे ते खाल्लं,
त्यानंही हिला खाल्लं,
तरी उणे वीसमध्ये किल्ली फिरवली
की जागते.

या इंजिनाचे प्लग दोन तुकड्यांचे.
जोर केलात तर अर्धा हातात येतो,
अर्धा आत राहतो
आणि डोकं उतरवायची वेळ येते. इंजिनाचं. आणि आपलंही.
तेव्हा, इंजिन कोमट असताना
पाव आटा सैल करायचा.
काजळीचं औषध ओतायचं, झोपायला जायचं.
सकाळी मागे, पुढे, परत मागे,
कुरकुर ऐकत.
कुरकुरतोय तोवर बरं आहे.
गप्प झाला की हात काढून घ्यायचा.

भाचीचा एस्किल टॉर्च धरायला होता, वय चौदा.
टॉर्च तो त्याला स्वतःला जिथं बघायचंय तिथं धरतो.
मी चारदा ओरडले. पाचव्यांदा
त्याच्या उजेडात मला माझी हरवलेली
दहा नंबरची गोटी दिसली,
मग ओरडणं बंद केलं.

पहिला निघायला दीड तास.
काळा, लांब, सगळा एकसंध.
एस्किलनं तो अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवला.
दुसरा. तिसरा. मध्ये सँडविच.
सात झाले तेव्हा बाहेर तळ्यावरून धुकं चढत होतं
आणि मी गुणगुणत होते,
हीच चूक.

आठवा.
ब्रेकच्या डब्यामागे,
जिथं हात पोचतो, डोळा पोचत नाही.
कट्.
एवढाच आवाज.
एस्किलनं टॉर्च विझवला,
कुणाच्या घरात डोकावताना सापडल्यासारखा.

तुटका तुकडा ओढायचं हत्यार
या गल्लीत एकाच माणसाकडे.
रेनो लाहती, तीन घरं पलीकडे.
मी बर्फ ढकलताना त्याची टपालपेटी आडवी केली,
त्याला चार वर्षं झाली. चार वर्षांत
आम्ही एकमेकांना हातही हलवलेला नाही.
एस्किलला पाठवलं.
स्वतः गेले नाही, हे लिहून ठेवते.

आला. घरातल्या सपाता घालूनच.
हत्यार एका लोकरी मोज्यात गुंडाळलेलं.
इंजिनावर असा वाकला की
त्याच्या पाठीचे मणके मोजता आले.
चाळीस मिनिटांत एकच शब्द बोलला,
"हळू."
मला नाही, स्वतःच्या मनगटाला.

दाढ निघावी तसा निघाला.
त्यानं तो माझ्या तळहातावर ठेवला,
गरम होता अजून.
नवे प्लग मी बोटांनी बसवले,
अखंड, एका तुकड्याचे,
आट्यांना रुपेरी लेप लावून.
रेनो बाकाखालच्या खोक्याकडे बघत उभा.
खोक्यात मोठ्या गळ्याचे सायलेन्सर,
आठ महिन्यांच्या ओव्हरटाइमचे.
म्हणाला, "हे बसवलेस तर
मला झोप यायची नाही."
मग दारात थांबून,
"उंच जॅक लागेल. आहे माझ्याकडे."

टपालपेटीचं त्यानं काढलं नाही.
मीही नाही.
पिवळा दिवा अजून पेटतोच डॅशबोर्डवर,
दुसऱ्याच कशासाठी तरी.

सोमवारी फाटकाशी बस थांबवली,
दार उघडलं.
गाडी येत नव्हती.
पोरं मागे दंगा करत होती
आणि मी नियमापेक्षा जरा जास्तच थांबले,
बसचंच इंजिन ऐकत.
डिझेल, सहा सिलिंडर.
तिसरा किंचित कुरकुरतोय.