स्थिर आकार

साळजुव्याच्या शेवटच्या घराचं मीटर
ओटीच्या खांबावर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर.
काचेवर खाऱ्या वाऱ्याचा पापुद्रा.
अंगठ्याने पुसतो, फोन धरतो :
मागील वाचन सहाशे बारा,
चालू वाचन सहाशे सोळा.
फोन विचारतो, वापर फार कमी, खात्री आहे का?
आहे.

घर सुलेमान होडेकरांचं.
एक बल्ब, जुना, पिवळा,
मगरीबपासून जेवून हात धुवेपर्यंत.
पंखा नाही, खाडी आहे.
फ्रीज नाही, मासळी त्या दिवशीची त्या दिवशी.
रेडिओ सेलवर.

"वायच टेक," म्हणतात. मी टेकतो.
मला फोटोमागे पैसे मिळतात,
टेकण्याचे कुठल्याच रकान्यात नाहीत.

पत्र्याच्या डब्यातून ते गेल्या महिन्याचं बिल काढतात.
"वाच. अक्षर लागतं मला, हिशेब लागत नाय."
वीज आकार, अठरा रुपये काही पैसे.
वहन आकार, पाच-सहा.
स्थिर आकार, एकशे तीस.

"स्थिर म्हणजे?"
म्हणजे दिवा लावा नाहीतर अंधारात बसा,
कुलूप घालून लेकीकडे पनवेलला जा,
हा येणार.

ते खाडीच्या तोंडाकडे बघत राहतात.
तिथली वाळूची दांडी दर वर्षी कूस बदलते.
गलबतं लागायची तिथे तिवरं,
तर लागायची तिथे पूल.
"ह्या मुलखात स्थिर आकाराची
एकच वस्तू निघाली म्हणायची.
ती पण कागदावर."

चाळीस वर्षं त्यांनी तर वल्हवली.
माणशी चार आणे, मग रुपया, मग दोन.
बकरीचा अर्धा. नवरीला माफ.
"पलीकडे गेला त्याचे पैसे.
काठावर विडी ओढून, मन बदलून घरी गेला
त्याच्यामागे मी पावती घेऊन धावलो नाय कधी."

पण चाचा, खांब, तारा, डीपी,
कुणी बटण दाबो न दाबो,
उभं तर ठेवावंच लागतं सगळं.
मला शिकवलेलं हे एकच वाक्य. ते मी म्हणतो.

ते गप्प. मग सावकाश,
स्वतःच्याच विरुद्ध साक्षीला उभं राहिल्यासारखे :
"खरं आहे. बाबा घरटी पायलीभर भात घ्यायचे,
भात झोडून झालं की.
जन्मात खाडी न ओलांडलेल्यांकडूनसुद्धा.
माणसं आली नाहीत म्हणून
होडीचं लाकूड कुजायचं थांबत नाय."

मग तोही स्थिर आकारच की.

"तोच तो.
फक्त ज्याच्या कणगीत शेवटची पायली उरली असेल
त्याच्या दारावरून बाबा खोकत पुढे जायचे.
आणि रात्री दोनला पलीकडून हाक आली,
बाई अडली, पोराला फिट आली,
की भात दिलास का ते न विचारता उठायचे.
त्या हाकेचा भात होता तो."

मला वादळातले अकरा दिवस आठवतात.
वाडीतले सगळे खांब आडवे,
पुलावर जाऊन, रेंज शोधून, लोक त्या नंबरला हाका मारत होते.
एक बाई तीन भाषांत थांबा म्हणत होती.
पुढच्या बिलात स्थिर आकार पुरा होता,
एक दिवसही न कापता.
फोटो मीच काढले होते.

हे मी त्यांना सांगत नाही. त्यांना माहीत आहे.

निघताना ते उठून बल्ब लावतात. भर दुपारी.
"एकशे तीस दिलेत. वायच बघू दे."
दारातून आलेल्या उन्हात उजेड असा नाहीच,
काचेत नुसती एक तापलेली तार.
आम्ही दोघं मान वर करून बघतो.
मीटरवरचा लाल ठिपका बऱ्याच वेळाने एकदा लुकलुकतो.
मग सवयीने त्यांचा हात बटणाकडे जातो.