सदर अज्ञान

डिचोलीच्या कोर्टासमोर,
झेरॉक्स आणि लिंबूसोड्याच्या मधल्या फटीत
माझं टेबल. इंग्रजीचं मराठी, मराठीचं इंग्रजी,
पानाला साठ रुपये, शिक्का वेगळा.
जुने पोर्तुगीज दाखले आले
तर मडगावच्या मिंगेलकडे पाठवते.

यंदा पलीकडे एक शाळा निघाली, किड्स गार्डन.
पाटीवर ससा, सशाच्या हातात गाजर.
खाजें विकणाऱ्या चंद्रावतीला कुणीतरी पाटी वाचून दाखवली.
"बागेक कीड लागल्या, आनी तें पाटयेर बरयतात?"
अगो, किड म्हणजे बकरीचं करडू, मी म्हटलं.
ती आणखीच गोंधळली.
मग मी गप्प बसले. करडाचं मूल कधी झालं
ते मलाही कुठे ठाऊक आहे.

तसे त्यांचे शब्द शिस्तीचे.
इन्फंट, टॉडलर, मग किड, मग टीन,
खुंटीला टांगलेल्या दप्तरांसारखे
ज्याच्या त्याच्या उंचीवर.
माझी मुलगी स्विंडनहून फोन करते,
आई, तो आता टॉडलर झाला गं,
जसं कुणी म्हणावं, तलाठी झाला.
मी मराठी शब्द शोधला.
हाताला लागलं ते नुसतं दुडूदुडू,
पावलांचा आवाज.
तो फोनमधून येत नाही.
तिथे सगळीकडे कार्पेट आहे.

टीन तेरापासून, कारण तिथून त्यांच्या आकड्यांना शेपूट फुटतं.
अकरा-बाराची पोरं कुठे ठेवतात, विचारायचं राहिलं.
गद्धेपंचविशी एकदा इंग्रजीत न्यायला गेले,
गाढव नेलं, पंचवीसही नेले,
वकिलाने दोन्ही खोडले.

गुरुवारी पाळीहून यशोदा गावस आली.
बरोबर शाणू, पंधरा पुरी, मिसरूड आहे-नाही असं.
नवरा खाणीवर होता. गेल्या आषाढात गेला, छातीने.
फंडाचे पैसे अडलेत, अर्ज इंग्रजीत हवा.
मी टाइप करत मोठ्याने वाचत गेले:
मायनर शाणू गावस, पालक त्याची आई.

पोराने मान वर केली.
"मायनर बाबा आसलो. हांव न्हय."

झेरॉक्सचं मशीन तेवढं चालू राहिलं.
हा दुसरा मायनर रे, मी म्हटलं. लहान असलेला.
स्पेलिंग वेगळं, एका अक्षराने.
"आयकूंक सारकेंच," तो म्हणाला
आणि आईच्या पिशवीतून पासबुक काढून माझ्यापुढे ठेवलं,
मी मागायच्या आधी.

मग मराठी प्रत.
तीस वर्षं हा शब्द माझ्या बोटांतून आपोआप उतरतो:
सदर अज्ञान.
अठरा भरेपर्यंत अज्ञान,
भरल्या दिवशी सकाळी दात घासता घासता सज्ञान.
याला बापाचा फंडाचा नंबर तोंडपाठ.
पाळीहून साखळीला गाडी रात्री किती मिनिटं घेते,
हे त्याला माहीत आहे,
आणि कुठल्या वळणानंतर घाई करून उपयोग नव्हता तेही.
मी खोडून अल्पवयीन लिहिलं.
अल्प. तेही पटेना.
शिवाय वरच्या हेडक्लार्कला जुनाच शब्द लागतो,
नाहीतर कागद परत, आणि पाळीहून बसचे दोन तिकीट.
पुन्हा अज्ञान केलं.

प्रिंट निघाली. त्याने ती आईच्या आधी घेतली,
मराठी शाळेतला, ओळीखाली बोट धरून वाचणारा.
बोट एका जागी थांबलं.
काही विचारलं नाही.

पानाचे साठ घेतले मी. शिक्क्याचे राहू दे म्हटलं.
यशोदाने अंगठा पुढे केला, शाईच्या डबीवर,
आणि तो विचारत होता, माझी सही खंय?
तुझी लागत नाही, बाबा.

पण पेन त्याने काढलंच होतं.
टोपण दातांत धरून
चघळत उभा राहिला,
शाई वाळेपर्यंत.